लग्नाच्या केकवरचीं कागदी फुलें

इ. स. १९४० च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडांतील पाववाल्यांच्या व मिठाईवाल्यांच्या हातीं सरकारचा एक हुकूम पडला. केक भट्टींतून निघाल्यानंतर त्याच्या बाहेरील अंगाला कोणीहि साखर लावूं नये, असा त्याचा आशय होता. फ्रान्सचा पाडाव नुकताच झालेला, जर्मन विमानें डोक्यावर घिरट्या घालीत असलेलीं, आणि अशा घटकेस मंत्र्यांनीं केकच्या अंगावरील साखरेचा विचार करीत बसावें, हें प्रथमदर्शनीं कोणासहि विचित्र वाटेल. परंतु इंग्लंड हें बेट आहे. तेथें बीटपासून थोडीबहुत साखर होत असली तरी पुष्कळशी साखर समुद्रापलीकडून येई, आणि समुद्रांत पाणबुड्या दबा धरून बसल्या होत्या. त्या वर्षाच्या ८ जानेवारीपासून साखर, लोणी आणि डुकराचें खारवलेलें मांस हे जिन्नस शिधापत्रिकेवर मिळूं लागले होते. ज्या साखरेसाठीं खलाशी प्राण देत होते ती केकच्या पाठीवर थापावी, हें युद्धाच्या हिशेबांत बसणारें नव्हतें.

हुकूम सर्वांना सारखाच होता. पण त्याचा खरा घाव बसला तो लग्न ठरलेल्या मुलींच्या घरांवर. युद्धामुळें लग्नें थांबलीं नव्हतीं. सैन्यांत गेलेला नवरा चार दिवसांची रजा काढून येई, घाईघाईनें लग्न उरकी आणि परत जाई. कित्येकदां तो कायमचाच जाई. अशा लग्नांत पोशाख उसना चाले, अंगठी साधी चाले, पाहुणे थोडे असले तरी चाले. परंतु पांढरा शुभ्र केक मेजावर नसेल तर तें लग्नच नव्हे, अशी तेथील घरोघरची समजूत होती. शेवटीं ही अडचण कागदानें सोडविली. पुठ्ठ्याचा मोठा केक, त्यावर पांढरा रंग, आणि साखरेच्या फुलांच्या जागीं हातानें केलेलीं कागदी फुलें! हीं फुलें कोठून आलीं, आणि साखरेच्या आसनावर बसण्याचा मान त्यांना कसा मिळाला, हा इतिहास मनोरंजक आहे. कांहीं ठिकाणीं तो मन विषण्ण करणाराहि आहे.

विलायती लग्नांत केकचें स्थान काय, हें मराठी माणसाला चटकन् समजावयाचें असेल तर त्यानें रुखवताची आठवण करावी. रुखवतांतील लाडवांच्या उतरंडी, साखरेचीं फळें, नक्षीदार करंज्या यांकडे पाहुण्यांनीं पाहावें, बोटें दाखवावीं, कोणाच्या हाताची कारागिरी आहे तें विचारावें, हाच त्यांचा मुख्य उपयोग. पोटांत जाण्याचा मान त्यांना मागाहून मिळतो. संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर घालावयाचे हलव्याचे दागिने हेहि त्याच जातीचे. खाण्याचा पदार्थ अलंकार होऊन बसला म्हणजे त्याची चव दुय्यम ठरते आणि त्याचें रूप हेंच त्याचें मोल होतें. इंग्लंडांतील केकचें असेंच झालें, पण तें एका दिवसांत झालें नाहीं.

सतराव्या शतकांत तेथें लग्नाच्या पंगतींत गोड केकपेक्षां नवरीची ‘पाय’ अधिक प्रसिद्ध होती. रॉबर्ट मे नांवाच्या आचाऱ्यानें १६६० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथांत ती दिली आहे. कणकेच्या आवरणांत कालवें, कोंबड्याचे तुरे असले नाना प्रकार भरलेले; आणि मधला एक भाग पोकळ ठेवून त्यांत जिवंत पक्षी किंवा चक्क साप सोडावा, म्हणजे पाय कापतांना मंडळींची करमणूक होईल, अशी त्याची सूचना. लग्नघरीं साप सोडून करमणूक करण्याची ही कल्पना पुढील पिढ्यांना फारशी मानवली नसावी. १७६९ सालीं मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनीं आपलें पाकशास्त्राचें पुस्तक छापलें, त्यांत नवरीच्या केकची कृति आली. चार रतल पीठ, चार रतल लोणी, दोन रतल साखर, पिठाच्या दर रतलास आठ याप्रमाणें बत्तीस अंडीं, चार रतल बेदाणे, शिवाय बदाम, पाकांत मुरविलेल्या साली व ब्रँडी, असें तें साहित्य वाचूनच छाती दडपते. परंतु महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. त्या केकवर प्रथम बदामाचा लेप द्यावा आणि त्यावर अंड्याचा पांढरा बलक व साखर घोटून केलेला पांढरा लेप द्यावा, असें बाईंनीं सांगितलें. आज जगभर जो लग्नाचा केक ओळखला जातो त्याचें अंतरंग आणि बहिरंग दोन्ही येथें सिद्ध झालीं.

पांढऱ्या रंगाला त्या काळीं विशेष अर्थ होता. साखर जितकी अधिक शुद्ध करावी तितकी ती अधिक पांढरी होई आणि तितकी महाग पडे. काळपट साखरेचा केक म्हणजे गरिबाचा, शुभ्र साखरेचा म्हणजे श्रीमंताचा. नवरीचें निष्पाप मन आणि पांढरा केक यांचा संबंध लोकांनीं नंतर जोडला असावा. आधीं शुभ्रता दिसत होती ती पैशाची. ही साखर कोणाच्या घामांतून येत होती, हें तर मेजाभोंवतीं बसलेल्या कोणाच्या मनांतहि येत नसे. प्रथम ती वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांच्या श्रमांतून येई. १८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें उठली, तेव्हां त्याच वर्षापासून मॉरिशस बेटांत हिंदुस्थानांतील गिरमिटिया मजूर जाऊं लागले. त्यांत कोंकणांतून, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूनें, मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज अद्यापि तेथें गणपति बसवितात आणि मराठीचा अभिमान बाळगतात. विलायतेंतील एखाद्या नवरीच्या केकवर रत्नागिरीकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातच्या उसाची साखर चढली असेल, ही गोष्ट मुळींच असंभाव्य नाहीं.

व्हिक्टोरिया राणीचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजीं झाला, आणि केकला खरें राजवैभव आलें तें त्या दिवशीं. राणीचा केक सुमारें ३०० रतल वजनाचा होता. त्याचा घेर तीन वार आणि जाडी चौदा इंच. वर ब्रिटानिया देवता वधूवरांना आशीर्वाद देत आहे, असा देखावा साखरेचा केला होता. त्यांतील मूर्ति सुमारें एकेक फूट उंचीच्या, आणि राणी व तिचा पति यांना प्राचीन रोमन पोशाख चढविलेला! त्यांच्या पायांशीं कुत्रा होता, आणि मदनाचें एक बालक विवाहाची तारीख पुस्तकांत टिपीत होतें. भोंवतालीं पांढऱ्या फुलांचे गुच्छ साटिनच्या फितींनीं बांधून ठेवले होते, ते पाहुण्यांना आठवण म्हणून देण्यासाठीं. राणीनें स्वतः डोक्यावर नारिंगाच्या फुलांची माळ घातली होती, त्यामुळें नारिंगाचें फूल हें पुढें विलायती नवरीचें फूल होऊन बसलें. परंतु नारिंगाचीं ताजीं फुलें इंग्लंडच्या थंडींत सर्वसामान्य घरीं कोठून मिळणार? मग तीं मेणाचीं, कापडाचीं, कागदाचीं होऊं लागलीं.

राणीच्या थोरल्या मुलीचें लग्न १८५८ सालीं झालें. तिचा केक मजल्यामजल्यांचा होता आणि उंची सहा फुटांच्या वर गेली होती. पण मौज अशी कीं, खरा केक तळच्या मजल्यांतच होता. वरचे मजले नुसत्या साखरेच्या कामाचे होते. सर्व मजले खऱ्या केकचे, असा राजघराण्यांतील केक लोकांना दिसला तो १८८२ सालीं, राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड याच्या विवाहांत. म्हणजे वरून केक आणि आंतून दुसरेंच कांहीं, ही युक्ति युद्धांतल्या गरिबांनीं शोधून काढली नाहीं. ती राजवाड्यांत जन्मली. १८७४ सालीं ब्रिटनमध्यें साखरेवरील जकात उठली, साखर स्वस्त झाली, आणि मजल्यांचा पांढरा केक मध्यम स्थितींतील घरांतहि येऊन पोहोंचला.

या साखरकामांतील फुलें ट्रॅगाकंथ नांवाचा डिंक घालून करीत. हा डिंक इराण व तुर्कस्थान या बाजूनें येई. तो पाण्यांत फुगवून पिठीसाखरेंत मळला म्हणजे कणकेसारखा लवचिक गोळा होतो. त्याची पाकळी बोटांनीं पातळ करतां येते आणि वाळल्यावर ती चिनीमातीसारखी कडक होते. काम अतिशय सुंदर, पण वेळ खाणारें व महाग. शिवाय दमट हवेंत तें मऊ पडे. म्हणून ज्यांना साखरेचें फूल परवडत नसे ते कागदाच्या फुलाकडे वळत.

कागदाचें फूल करणें ही त्या वेळीं हलकी कला मानीत नसत. मेरी डेलनी नांवाच्या एका खानदानी विधवा बाईंनीं १७७२ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं, रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलांचीं चित्रें करण्यास आरंभ केला. पाकळ्या, केसर, पानांवरील शिरा सर्व कागदाचें. दहा वर्षांत त्यांनीं अशीं ९८५ चित्रें सिद्ध केलीं आणि दृष्टि अधू झाली तेव्हांच हात थांबविला. तीं चित्रें ब्रिटिश म्यूझिअममध्यें आहेत, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनाहि त्यांतील रचना बिनचूक वाटते. अर्थात् डेलनीबाईंचें फूल सपाट होतें, केकवर उभें राहणारें नव्हतें. परंतु बहात्तराव्या वर्षीं नवी कला हातीं धरणाऱ्या त्या वृद्धेचा उल्लेख केल्यावांचून कागदी फुलांचा इतिहास पुढें नेणें बरें दिसणार नाहीं.

हौसेची ही कला एकोणिसाव्या शतकांत धंदा झाली. टोप्या, केशभूषा, झगे, मेजें, केक, सर्वत्र कृत्रिम फुलें हवीं होतीं. पॅरिस हें या धंद्याचें माहेरघर. लंडनमध्येंहि त्याचे कारखाने निघाले. कारखाने कसले, कोंदट खोल्या! त्यांत तरुण मुली दिवसभर बसून कागदाच्या व कापडाच्या पाकळ्या कापीत, तापविलेल्या लोखंडी गोळ्यानें त्यांना खोलगट आकार देत, तारेवर बांधीत. पानांना हिरवा रंग देणें हें काम सर्वांत वाईट होतें. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ शीले यानें अठराव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत तांबें आणि सोमल यांच्या संयोगापासून एक तेजस्वी हिरवा रंग काढला होता, आणि पुढें त्याहून चकचकीत असा ‘एमराल्ड’ हिरवा त्याच कुळांत जन्मला. दिव्याच्या प्रकाशांत हा रंग असा खुले कीं, दुसरा हिरवा रंग कोणी विचारीना. मुली मेण लावलेल्या पानांवर या रंगाची कोरडी पूड उडवीत. ती नखांत, डोळ्यांत, श्वासांत जाई.

मॅटिल्डा शॉयरर ही अशीच एक एकोणीस वर्षांची मुलगी. लंडनच्या एका कारखान्यांत शंभरेक जणींबरोबर ती पानांवर पूड उडविण्याचें काम करी. १८६१ च्या नोव्हेंबर महिन्यांत तिचा अंत झाला. तिला हिरव्या वांत्या झाल्या. डोळ्यांतील पांढरा भाग हिरवट झाला. आणि जें पाहावें तें हिरवें दिसतें, असें ती मरतांना सांगत होती. या मृत्यूचा गवगवा वृत्तपत्रांत झाला. कांहीं सुशिक्षित स्त्रियांनीं पुढाकार घेऊन त्या खोल्यांची पाहणी केली आणि तेथील पानें नामांकित रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांजकडे धाडलीं. एका शिरोभूषणावरील पानांत वीस माणसांचा प्राण घेण्याइतका सोमल असतो, असा त्यांचा निर्वाळा १८६२ सालीं ‘टाइम्स’ पत्रांत आला. आश्चर्याची आणि शरमेची गोष्ट ही कीं, या रंगावर बंदी घालणारा कायदा ब्रिटनमध्यें झालाच नाहीं. नटणाऱ्या स्त्रियांना स्वतःच्या जिवाची धास्ती पडली, त्यांनीं हिरवीं पानें घेणें सोडलें, आणि तेव्हां कोठें तो रंग मागें पडला. करणारीच्या मरणापेक्षां वापरणारीच्या भीतीला बाजारांत अधिक किंमत आली!

हें विष केवळ टोप्यांवर राहिलें असतें तर एक वेळ केकच्या इतिहासांत त्याची चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु मिठाईवालेहि तेच रंग वापरीत. डॉक्टर आर्थर हिल हॅसल यांनीं १८५१ पासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठीं लंडनच्या दुकानांतील खाद्यपदार्थ तपासले, तेव्हां रंगीत मिठाईंत शिशाचे पिवळे रंग आणि सोमलाचा हिरवा रंग त्यांना प्रत्यक्ष आढळला. साखरेचीच कथा घ्या. ती महाग, म्हणून कांहीं लोक वड्यांत गुपचूप प्लॅस्टरची पूड मिसळीत. १८५८ सालीं ब्रॅडफर्ड गांवीं अशा एका मिठाईवाल्यासाठीं पूड आणावयास गेलेल्या माणसाला औषधांच्या दुकानांतील नोकरानें चुकून सोमल दिला. त्या वड्या खाऊन सुमारें वीस माणसें मेलीं आणि दोनशेंच्या आसपास आजारी पडलीं. पुढें १८६० पासून भेसळीविरुद्ध कायदे होत गेले आणि १८७५ च्या कायद्यानें त्यांना खरी धार आली. या ब्रॅडफर्डच्या प्लॅस्टरची आठवण श्रोत्यांनीं ठेवावी. तें प्लॅस्टर लग्नाच्या मेजावर पुन्हां येणार आहे, पण निराळ्या मानानें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रेप कागद बाजारांत आला आणि घरच्या घरीं फूल करणें सोपें झालें. अमेरिकेंतील डेनिसन कंपनीनें हा कागद आणि त्यापासून फुलें करण्याच्या पुस्तिका विकून गृहिणींना जणूं शाळाच उघडून दिली. क्रेप कागदाला बारीक सुरकुत्या असतात. पाकळी कापतांना त्या सुरकुत्या उभ्या याव्या लागतात. मग दोन्ही अंगठे मध्यभागीं ठेवून कागद हळूच ताणला म्हणजे पाकळीला खऱ्या गुलाबाची खोलगट वाटी येते. कांठ सुईवर गुंडाळला कीं, तो बाहेर वळतो. आंतल्या पाकळ्या लहान व घट्ट, बाहेरच्या मोठ्या व सैल; दोऱ्यानें तारेवर बांधून देठावर हिरव्या कागदाची पट्टी तिरकी गुंडाळावयाची. पातळ मेणांत फूल बुडवून काढलें तर त्याला नारिंगाच्या फुलाचें तुकतुकीत अंग येतें. हें सर्व वाचावयास सोपें आहे. पहिला गुलाब बहुधा कोबीसारखाच होतो.

पूर्वेकडे या कलेला आणखी एक साधन होतें. फोर्मोसा बेटांत व दक्षिण चीनमध्यें एका झुडपाच्या खोडांतील गाभा काढून त्याचे पातळ पापुद्रे काढतात. विलायतेंत त्याला तांदळाचा कागद म्हणत, पण तांदळाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. त्या पापुद्र्याचीं फुलें मऊ व किंचित् पारदर्शक दिसतात. महाराष्ट्रांत भेंडाचीं फुलें आणि भेंड, बेगड व रंगीत कागद यांचें बाशिंग ज्यांनीं जवळून पाहिलें आहे त्यांना या कामाची कल्पना सहज येईल. नवऱ्यामुलाच्या कपाळावर कागदाचें व भेंडाचें फूल चालतें, तेथें तें खोटें आहे असें कोणी म्हणत नाहीं.

आतां पुन्हां १९४० सालाकडे वळावें. साखरेचा लेप बंद झाल्यावर केकवाल्यांनीं पुठ्ठ्याचीं किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचीं मोठीं आवरणें तयार केलीं. दोन मजली, तीन मजली. कडेला वेलबुट्टी, मधें खांब, सारें कांहीं खऱ्या केकप्रमाणें. तीं भाड्यानें मिळत. शनिवारीं एका घरीं, पुढल्या शनिवारीं दुसऱ्या घरीं, असा एकच केक गांवांतल्या कितीतरी लग्नांना हजर राही. आवरणाखालीं खरा केक लहानसा असे, आणि तो लहानसा केक उभा करण्यांतच घरच्यांची कसोटी लागे. अंडें माणशीं आठवड्यास एक मिळालें तर मिळालें. पुढें अमेरिकेंतून अंड्याची पूड आली. बेदाणे मिळणें मुष्कील, म्हणून आत्या-मावश्या, शेजारणी आपापल्या शिध्यांतून मूठमूठ काढून ठेवीत. फोटो काढतांना वधूवरांनीं पुठ्ठ्याच्या केकवर सुरी टेकवावयाची. मग टोपण उचलावें तसें तें आवरण उचलून बाजूला ठेवावयाचें आणि खालचा तपकिरी केक कापावयाचा.

भाड्याचें आवरण सर्वांचें सारखेंच. मग हा केक आपल्या मुलीचा आहे, हें दिसावयाचें कसें? तें काम फुलांनीं केलें. फुलें घरीं करावयाचीं, आवरणावर बसवावयाचीं, लग्न झाल्यावर काढून ठेवावयाचीं. कागदहि त्या काळांत मुबलक नव्हता. वर्तमानपत्रें चार चार पृष्ठांवर आलीं होतीं आणि रद्दी गोळा करण्याची सरकारी मोहीम घरोघर फिरत होती. त्यामुळें युद्धापूर्वीचा क्रेप कागदाचा एखादा गुंडाळा ट्रंकेंत उरला असेल तर त्याला सोन्याचें मोल येई. १९४१ च्या जूनपासून कापडहि रेशनवर गेलें, म्हणजे कापडी फुलांचीहि वाट बंद झाली. राहिला तो कागदच.

यावर कोणी म्हणेल कीं, हें सारें ढोंग होय. साखर नाहीं तर नाहीं, साध्या केकवर लग्न करण्यांत कमीपणा कसला? आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. त्याच युद्धांत, १९४३ सालीं, त्याच साम्राज्याच्या बंगाल प्रांतांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. केकवर साखरेचा लेप नाहीं हें दुःख केवढें मानावें, याचा विचार करतांना बंगाल विसरतां येत नाहीं. परंतु ढोंगाचा आरोप मात्र टिकणारा नाहीं. ब्रॅडफर्डच्या मिठाईवाल्यानें प्लॅस्टर घातलें तें गिऱ्हाइकाला कळूं नये म्हणून. युद्धांतल्या लग्नांत प्लॅस्टरचा केक पुढें ठेवला तेव्हां मांडवांतल्या लहान पोरालाहि तो प्लॅस्टरचा आहे हें ठाऊक होतें. पुठ्ठा उचलतांना हंशा पिके. जें सर्वांना ठाऊक आहे आणि ज्याला सर्वांची संमति आहे तें फसवणूक कसें होईल? बाँबनें पडलेल्या घराच्या शेजारीं लग्न लावणाऱ्या माणसांनीं आपल्या रीतीचें निदान रूप तरी राखलें. पोट भरण्याचा प्रश्न लहान केकनें सोडविला, रीतीचा प्रश्न कागदानें. श्रीमंतीच्या दिवसांत राजवाड्यानें वरचे मजले पोकळ साखरेचे केले त्यापेक्षां हें कितीतरी सरळ होतें.

युद्ध १९४५ सालीं संपलें, पण टंचाई संपली नाहीं. उलट जें युद्धांत झालें नव्हतें तें १९४६ च्या जुलैंत झालें. खुद्द पावाचें रेशन सुरू झालें. अशा स्थितींत २० नोव्हेंबर १९४७ रोजीं राजकन्या एलिझाबेथ हिचा विवाह झाला. तिचा मुख्य केक चार मजली, नऊ फूट उंच आणि सुमारें ५०० रतल वजनाचा होता. त्याचें साहित्य ऑस्ट्रेलियांतील गर्ल गाइड मुलींनीं पाठविलें, म्हणून लोक त्याला ‘दहा हजार मैलांचा केक’ म्हणत. त्या केकवर कागदाचा उपयोग करण्याची पाळी आली नाहीं, हें सांगावयास नकोच. त्याच वर्षीं साध्या घरांतील मुली आपल्या आठवड्याच्या शिध्यांतली साखर मोजीत होत्या. तरीहि राजकन्येच्या केकचा त्यांना मत्सर वाटला असें दिसत नाहीं. मंडळी पहांटेपासून रस्त्यावर गर्दी करून उभी होती. लोकमानसाचें हें कोडें इतिहासाच्या शिक्षकांना नेहमींच पडतें.

साखरेचें रेशन सप्टेंबर १९५३ मध्यें उठलें आणि ४ जुलै १९५४ रोजीं मांसावरील बंधन जाऊन शिधापत्रिकांचा काळ समाप्त झाला. पुठ्ठ्याचीं आवरणें अडगळींत गेलीं. कांहीं कागदी फुलें मात्र फोटोंच्या वहींत आणि दागिन्यांच्या डबींत राहिलीं. फळें घातलेल्या केकचा वरचा मजला पहिल्या मुलाच्या बारशापर्यंत जपून ठेवण्याची तिकडे चाल आहे. युद्धांतल्या नवऱ्यांजवळ जपावयाला मजलाच नव्हता, त्यांनीं फुलें जपलीं.

अलीकडे कागदी फूल केकवर पुन्हां आलें आहे, आणि तें टंचाईनें नव्हे तर हौसेनें. पिठुळ स्टार्चचा, खातां येणारा पातळ कागद निघाला आहे. त्याच्या पाकळ्या वाफेवर किंवा किंचित् ओल्या कुंच्यानें वळवितात. साखरेच्या फुलापेक्षां तें फार हलकें, म्हणून उंच केकच्या कडेवरहि तें सुटत नाहीं. ओलावा मात्र त्याला क्षणभरहि सोसत नाहीं; मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यांत सकाळीं फुललेला गुलाब संध्याकाळीं मान टाकतो. क्रेप कागदाचें फूल त्या मानानें टिकाऊ, पण त्याचा रंग ओल्या लेपांत उतरतो आणि तो रंग खाण्याचा नसतो. म्हणून जाणते कारागीर त्याची तार केकमध्यें उघडी खोचीत नाहींत. देठाला नळीचें किंवा मेणकागदाचें वेष्टण घालतात, फुलाखालीं मेणकागदाची चकती ठेवतात, आणि सुरी लागण्यापूर्वीं एकूणएक फूल उतरवून घेतात.